कोरडवाहू वावरात झाडे: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की "काय लावू?" असे प्रश्न येतात. होळीनंतर तेच लोक "वाळतंय, काय करू?" म्हणून विचारतात. दोन्ही वेळचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्याचे उत्तर दुसरीकडे सविस्तर आहे, तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. वनशेती म्हणजे वावरात जंगल करायचे का?

नाही. कापूस, ज्वारी, बाजरी, मूग हे पीक तेच राहते. झाडे येतात ती बांधावर, बरड कोपऱ्यात किंवा पिकात मोठे अंतर सोडून ओळीने. ऑगस्टमध्ये वीस-पंचवीस दिवस पाऊस उघडला तर मूग-उडीद हातचे जातात, पण बोराचे सोटमूळ तोवर पिकाच्या मुळांच्या कितीतरी खाली पोचलेले असते. एका वर्षात सगळेच बुडू नये, एवढाच यामागचा हिशेब. सरकारी कागदात याला कृषिवानिकी म्हणतात. २०१४ मध्ये भारताने त्याचे राष्ट्रीय धोरण केले आणि असे धोरण करणारा तो जगातला पहिला देश ठरला. बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब मात्र धोरणाच्या कितीतरी आधीपासून होते. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून आपणच ते काढले.

२. माझी दोनच एकर जमीन आहे. झाडांना जागा कुठून आणू?

बांधावरून. दोन एकरांचा चौरस तुकडा धरला तर एक बाजू सुमारे ९० मीटर, म्हणजे चारही बांध मिळून ३६० मीटर. पाच मीटरवर एक झाड धरले तर ७२ झाडे होतात. त्यातून गाडीवाट, विजेच्या तारेखालची जागा, विहिरीचा काठ आणि भांडणाचा सामाईक बांध वजा करा, ४०-४५ उरतात. पिकाखालची जमीन एक गुंठाही कमी होत नाही.

आमचा आग्रह असा की पहिल्या वर्षी वीसच लावा. जूनमध्ये लावलेली झाडे मोजण्यात अर्थ नाही, दुसरा उन्हाळा काढलेली मोजा. शंभर लावून पंधरा जगवण्यापेक्षा वीस लावून अठरा जगवणे स्वस्त पडते. पाण्याचा हिशेब प्रश्न ६ मध्ये आहे. तो केल्याशिवाय रोपे आणायला जाऊ नका.

३. कोणत्या जमिनीत कोणते झाड?

खान्देश एकसारखा नाही. नवापूर-अक्कलकुव्याकडे हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर शिंदखेडा, अमळनेर, पारोळा हा पट्टा त्याच्या निम्म्यावर-साठ टक्क्यांवर भागवतो. तापीकाठी भारी काळी जमीन आहे आणि तिथून थोडे वर चढले की मुरूम.

मुरमाड, हलक्या जमिनीत बोर आणि सीताफळ. ही दोन्ही झाडे उन्हाळ्यात पाने गाळून झोपतात. ज्या महिन्यांत पाणी नसते, त्याच महिन्यांत त्यांना ते फारसे लागत नाही, आणि कोरडवाहूसाठी यापेक्षा मोठा गुण नाही. बोरात जळगावचे मेहरूण चवीला, उमराण फळाच्या आकाराला. सीताफळात बाळानगर चांगले. मध्यम जमिनीत आवळा आणि चिंच चालतात. आवळ्याची एकच जात लावू नका. एनए-७ सोबत कृष्णा किंवा कांचन अशी दुसरी जात लावा, नाहीतर परागीभवन नीट न होऊन फळ कमी धरते. चिंचेला दहा मीटर अंतर लागते, म्हणून ती बांधाच्या कोपऱ्यावरच. शेवग्याला निचरा हवा, त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

नंदुरबारच्या डोंगराळ भागात महू, चारोळी आणि गावरान आंबा आधीच आहेत. धडगावकडचा आमचूर याच आंब्याचा. तिथे नवीन लावण्याआधी असलेले राखणे जास्त शहाणपणाचे.

४. रोपे विकत न आणता काही करता येते का?

येते, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. पावसाळ्यात बांधावर कडुनिंब, बाभूळ, रानबोर, अंजन यांची रोपे आपोआप उगवतात आणि दरवर्षी आपण ती कुऱ्हाडीने साफ करतो. त्यातली पाच-सहा मीटरवर एक अशी निवडा आणि शेजारी खुणेची काठी रोवा, म्हणजे बांध साफ करणारा सालदार ती कापणार नाही. एका बुडातून चार-पाच फुटवे असतील तर सर्वांत सरळ आणि जाड एक ठेवा. खालच्या एक-तृतीयांश उंचीवरच्या फांद्या काढा, त्याहून वर जाऊ नका. अशा झाडाचे मूळ पिशवीत वाढलेले नसते, त्यामुळे त्याला पाणी घालावे लागत नाही. बाभळीत रामकाठी मिळाली तर उत्तम, तिच्या फांद्या वर जातात आणि सावली कमी पडते. वेडी बाभूळ मात्र मुळासकट काढा. शेळ्या तिच्या शेंगा खातात आणि बी लेंड्यांतून सगळ्या शिवारात पसरते.

५. खड्डा केवढा, कधी आणि त्यात काय भरायचे?

आखाजीच्या सुमारास खणा, म्हणजे महिनाभर ऊन खातो. खोल जमिनीत दोन फूट लांब-रुंद-खोल, मुरमात तीन फूट. वरची एक फूट माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. भरताना मुरूम परत आत घालू नका, त्याची खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूला चंद्रकोरीसारखी ताली करा.

तळाला वीतभर वाळलेला पाला. मग वरची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अर्धा ते एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र करून भरा. जमिनीच्या वर चार बोटे उंच भरा. पहिल्या पावसात माती बसते आणि जे खड्डे काठोकाठ भरले होते ते खळगे होतात. रोप मात्र लगेच लावू नका. ७५-१०० मिलिमीटर पाऊस होऊन खड्डा बसला की संध्याकाळी लावा.

अर्धवट कुजलेले शेणखत ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. उधई (वाळवी) त्याच्या वासाने येते आणि मग रोपाच्या मुळांवर जाते.

६. उन्हाळ्यात एका झाडाला पाणी किती लागते?

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला दहा लिटर. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत वीस आठवडे धरा. चाळीस झाडांना ४० गुणिले १० गुणिले २० म्हणजे आठ हजार लिटर. बैलगाडीवर दोनशे लिटरची टाकी असेल तर चाळीस खेपा. एक एकर सलग पाच बाय पाचवर लावले तर १६० झाडे बसतात आणि हाच आकडा बत्तीस हजारांवर जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी पंधरा लिटर द्या. तिसऱ्यात बोर, सीताफळ आणि चिंच बहुतेक ठिकाणी आपली आपण उभी राहतात. आवळ्याला आणखी एक वर्ष द्या.

रोज तांब्याभर पाणी घालणे हे न घालण्यापेक्षा वाईट. वरची दोन बोटे माती ओली होते, मुळे तिथेच घुटमळतात आणि एक आठवडा चुकला की झाड जाते. एकदम, सावकाश, खोलवर द्या.

७. मडके पुरून पाणी देण्याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, मडके कच्च्या भाजणीचे असेल तर. सात-आठ लिटरचे मडके खोडापासून एक ते दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर डास आणि सरडे. पाणी पाझरायला साधारण पाच-सहा दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी रिकामे दिसले तर मडक्याला तडा आहे. दहा दिवस भरलेलेच राहिले तर छिद्रे बुजली आहेत. ज्या विहिरीच्या पाण्याने घरातल्या हंड्यावर पांढरा थर धरतो, त्या पाण्याने हे एका हंगामातच होते. काढा, बाहेरून काथ्याने घासा, उपयोग झाला नाही तर बदला.

८. आच्छादनाला पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) चालतील का?

चालतील, पण अख्ख्या नाही. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते आणि पुढच्या कापसावर जाते. पऱ्हाट्या यंत्राने बारीक करून घ्या किंवा बोंडे आधी जाळून मग वापरा. थर चार बोटांचा, खोडापासून वीतभर जागा मोकळी.

काळ्या जमिनीत आच्छादनाचे आणखी एक काम आहे. मार्चनंतर जमीन भेगाळते, त्या भेगा कोवळी मुळे अक्षरशः तोडतात आणि खोलवरची ओल उडून जाते. आळ्यात खुरप्याने दोन बोटे माती मोकळी करा, भेग बुजवा, मग आच्छादन टाका.

९. बोराचे कलम आणावे की जागेवर डोळा भरावा?

डोळा भरणे म्हणजे रानबोराच्या खोडात हव्या जातीची कळी सालीखाली बसवणे. पाण्याची खात्री नसेल तर ते जागेवरच. पिशवीतल्या रोपाचे सोटमूळ तळाशी आपटून वळते. जागेवर उगवलेले सरळ खाली जाते.

रानबोराच्या आठळ्या मिठाच्या पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. बुडालेल्या हलक्या हाताने फोडून बी काढा, एक दिवस भिजवा आणि खड्ड्यात तीन-तीन लावा. पुढे जोमदार एक ठेवा. पुढच्या पावसाळ्यात खोड पेन्सिलीएवढे झाले की हव्या त्या जातीचा डोळा भरून घ्या.

यानंतरची राखण महत्त्वाची. डोळ्याच्या खालून रानबोराची फूट येते, बारीक गोल पानांची आणि जास्त काट्यांची. ती दिसता क्षणी अंगठ्याने मोडा. दोन महिने दुर्लक्ष झाले तर तीच झाड होऊन बसते आणि मूळ डोळा वाळतो. "नर्सरीने बोगस कलम दिले" अशा तक्रारींत अनेकदा नर्सरीचा दोष नसतो, खालचा रानबोराचा खुंट वाढलेला असतो.

१०. सावलीने दादर (रब्बी ज्वारी) आणि कापूस कमी येणार नाही का?

बुडाजवळच्या ओळी कमी येतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सावली कुठे पडते ते आधी बघा. खान्देशात मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावली पायाखाली. म्हणून खरिपाच्या सुरुवातीला अडचण थोडी. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला झुकतो आणि दुपारी बारालाही झाडाची सावली उत्तरेकडे जवळपास झाडाच्या उंचीएवढी पडते. म्हणजे दक्षिणेच्या बांधावरचे सहा मीटरचे झाड तुमच्याच दादरीत सहा मीटर सावली टाकते, उत्तरेच्या बांधावरचे तुमच्या वावराबाहेर.

म्हणून दक्षिणेच्या बांधावर सीताफळासारखे बुटके झाड, उंच झाडे पूर्व-पश्चिम बांधांवर. उत्तरेला लावायचे तर प्रश्न १२ वाचूनच. फळझाडांच्या ओळींमध्ये पहिली तीन वर्षे मूग, उडीद, भुईमूग घ्या. तूर रोपाला खेटून नको, पण रोपाच्या पश्चिमेला दोन-तीन फुटांवर तुरीची दोन झाडे राखली आणि काढणीनंतर तुराट्या उभ्याच ठेवल्या तर उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाला आडोसा होतो.

११. झाडाच्या मुळ्या पिकाची ओल ओढतात, त्याला काय करावे?

खोडापासून एक-दीड मीटरवर, पिकाच्या बाजूने, दोन ते तीन फूट खोल आणि हातभर रुंद चर. वरवरची मुळे तुटतात, झाड खाली मूळ धाडते आणि पावसाचे पाणीही चरात मुरते. चर बुजला की मुळे परत येतात, दोन वर्षांनी उकरून घ्या. दोन्ही बाजूंनी एकाच वर्षी चर काढू नका, वादळात झाड आडवे होते.

१२. शेजारी म्हणतो बांधावर लावू देणार नाही. मग?

सामाईक बांधाच्या मध्यावर लावूच नका. आपल्या हद्दीत दोन मीटर आत या आणि सीताफळ किंवा शेवगा असे लहान झाड निवडा. मोजणी झालेली नसेल तर आधी मोजणी, नंतर झाड. वाढलेले झाड शेजाऱ्याच्या हद्दीत निघाले तर ते तोडताही येत नाही आणि सोडवतही नाही. उत्तरेचा बांध असेल तर सावली त्याच्याकडे जाणार आहे, तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

१३. काळ्या भारी जमिनीत शेवगा लावला, दुसऱ्या पावसाळ्यात सगळा मेला. रोग कोणता?

बहुधा रोग नाही, पाणी. शेवग्याच्या मुळाशी दोन-तीन दिवस पाणी साचले की ते कुजते. लावण्याआधी परीक्षा करा: दोन फूट खड्ड्यात चार बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी दिसले तर तिथे सपाट लावू नका. दीड फूट उंच गादी करून तिच्यावर लावा किंवा जागा बदला. पीकेएम-१ सारखी जात सहा-आठ महिन्यांत शेंगा देते, पण रोप तीन फुटांचे झाले की शेंडा खुडायला विसरू नका, नाहीतर शेंगा काढायला शिडी लागते.

१४. मेंढ्या, शेळ्या आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून कसे वाचवायचे?

खरीप निघाले की शिवार सगळ्यांचे होते. पाण्याअभावी मरतात तितकीच रोपे जनावरांच्या तोंडी जातात. प्रत्येक रोपाभोवती तीन काठ्या रोवून बोर-बाभळीच्या काटेरी फांद्या उलट्या, म्हणजे बुडखा वर करून बांधा. शेळीला ती ओढता येत नाही. उंची साडेचार फूट. मेंढपाळाचा कळप वावरात बसवणार असाल तर ठरवतानाच झाडांच्या जागा दाखवा. खत मिळते ते चांगलेच, पण एका रात्रीत वीस रोपांचे शेंडे जातात. रोह्यांना काटे पुरत नाहीत. जिथे त्यांचे कळप फिरतात तिथे पहिली दोन वर्षे रोप उंच जाळीत हवे.

१५. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावले तर युरिया बंद होईल का?

बंद नाही, कमी होईल. शंभर किलो ओला पाला वाळून वीस-पंचवीस किलो राहतो आणि त्यात अडीच-तीन टक्के नत्र असते. म्हणजे शंभर किलो ओल्या पाल्यातून सव्वा-दीड किलो युरियाएवढे नत्र. ४५ किलोच्या एका गोणीइतके हवे तर तीन-चार टन पाला लागेल, चाळीस झाडांच्या बांधातून तो निघत नाही. पाल्याने जमिनीत सेंद्रिय भाग वाढतो आणि ओल टिकते, त्याचा हिशेब गोणीत होत नाही. कोरडवाहूत फांदी रोवण्यापेक्षा बियांपासून केलेले रोप लावा, त्याला सोटमूळ असते.

१६. बैलांना सुबाबळीचा पाला किती घालावा?

एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी, आणि हळूहळू वाढवत. त्यातल्या मिमोसीन या विषारी घटकामुळे जास्त झाल्यास केस गळतात आणि जनावर खंगते. घोड्याला अजिबात नको. शेंगा पिकण्याआधी छाटणी केली नाही तर सुबाबूळ तणासारखी पसरते.

१७. रावेर-यावलकडे केळीला वाऱ्याचा आडोसा म्हणून काय?

शेवरी, लागवडीच्याच वेळी, पश्चिम आणि वायव्य बाजूला दोन ओळी, केळीच्या पहिल्या ओळीपासून दीड-दोन मीटर सोडून. आडोशाचा उपयोग त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत होतो, चार मीटर शेवरी म्हणजे चाळीस मीटर. भिंतीसारखी गच्च करू नका. वारा अडला की वरून उसळून पलीकडे भोवरे करतो आणि पाने जास्त फाटतात. निम्मा वारा गाळून जाऊ द्यावा. मेमधली उष्ण झळ याने कमी होते. वादळी पावसात लोंबता घड सांभाळायला टेकूच लागतो.

१८. साग, मेलिया (मलबार नीम), चंदन लावून लाखो मिळतील असे सांगतात. लावू?

मुरमावर आणि पाण्याशिवाय, नको. मेलियाच्या जाहिरातीतली वाढ खोल जमीन आणि ठिबकवरची असते. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळावर जगते, शेजारी यजमान झाड नसेल तर खुरटते, आणि गाभा धरू लागला की चोर आधी येतो. सागाची चार-सहा झाडे बांधावर ठीक. विक्रेता "आम्हीच परत विकत घेऊ" म्हणाला तर तो करार स्टँपवर कोणत्या दराने, हे विचारा.

१९. माझेच झाड तोडायला परवानगी का?

१९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्यात अनुसूचित झाडांची यादी आहे. त्यात साग, खैर, चंदन, आंबा, चिंच, महू, जांभूळ, अंजन अशी झाडे येतात. ती तुमच्या मालकीची असली तरी परवानगी लागते. यादीबाहेरच्या लाकडालाही वाहतुकीचा पास लागू शकतो, म्हणून गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करू नका. बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येत नाही.

झाडे लावली त्याच वर्षी ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवा. पुढे परवानगीला किंवा भूसंपादनात मोबदल्याला ही नोंद कामी येते.

२०. अनुदान कुठले मिळते?

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८-१९ पासून आहे. खान्देशात किमान ०.२० हेक्टर, म्हणजे अर्धा एकर लागते आणि पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येतात. दुसरा-तिसरा हप्ता जगलेल्या झाडांवर ठरतो: कोरडवाहूत ८० टक्के, बागायतीत ९० टक्के. खड्डे पूर्वसंमतीनंतरच घ्या. रोजगार हमीतून फळबाग ही राज्यात १९९० पासूनची वाट आहे. सध्याचे नियम आणि पिकांची यादी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) त्या वर्षीचीच घ्या. नुसत्या बांधावरच्या वीस झाडांसाठी कागदांमागे फिरण्यात मजुरी जास्त जाते, असे आमचे मत.

२१. कार्बन क्रेडिटचा करार करू का?

झाडांनी हवेतला कार्बन शोषल्याबद्दल पैसे देण्याचा हा करार. सही करण्याआधी त्यात तीन ओळी शोधा: किती वर्षे झाड तोडता येणार नाही, झाड मेले तर कोणाची जबाबदारी, आणि जमीन विकली किंवा वाटणी झाली तर काय. उत्तर नसेल तर थांबा. आधी पैसे मागणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

२२. दुष्काळी वर्षात सगळी झाडे वाचवणे शक्य नाही. कोणती सोडू?

लहान आणि कमजोर आधी सोडा. उरलेल्यांची सगळी फुले-फळे काढा, निम्मा पाला छाटा आणि पश्चिमेला तुराट्यांचा आडोसा करा. पाणी अर्धे करून सगळ्यांना वाटू नका, निवडलेल्यांना पुरते द्या. बोर आणि सीताफळाने पाने गाळली म्हणजे ते मेले असे नाही. नखाने साल खरवडा, आत हिरवे असेल तर जिवंत आहे.

२३. निम्मी मेली. त्याच खड्ड्यात पुन्हा लावू का?

आधी मेलेले रोप उपटून मुळाकडे बघा. मुळे पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली असतील तर रोपच जुने होते, खड्डा चांगला आहे. काळी, मऊ आणि आंबूस वासाची असतील तर पाणी साचते, प्रश्न १३ प्रमाणे गादी करा. खोडावर मातीचे कवच आणि साल पोखरलेली असेल तर उधई. खड्ड्यातले कच्चे खत काढून टाका आणि पेंड वाढवा. मुळे बरी पण शेंडा तिरका तुटलेला असेल तर शेळी. यातले काहीच नसून मूळ कोरडे आणि ठिसूळ असेल तर पाणी कमी पडले. मग त्या वर्षी नवीन लावण्याऐवजी जगलेल्यांच्या वाट्याला तेवढे जास्त द्या.